जठराचा कर्करोग : ओळख, निदान आणि उपचार

वार्षिक अहवालात ताळेबंद, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यांबरोबर एखाद्या आजाराची सविस्तर माहिती द्यावी, अशी आमच्या रुग्णालयाची प्रथा आहे. विश्वस्त मंडळ, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक हे तिघेही हा अहवाल वाचतात, म्हणून मजकूर सर्वांना समजेल असा असावा, हा आमचा प्रयत्न असतो. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचा व्यवसाय हिशेबाचा. तथापि रुग्णालयाच्या कार्यालयात इतकी वर्षे बसल्यावर रोगांच्या नावांबरोबर त्या रोगांपायी कुटुंबांची होणारी ओढाताणही दिसत राहते, आणि ती लिहून ठेवावीशी वाटते.

या वर्षी जठराच्या कर्करोगाचा विषय घेतला आहे. महाराष्ट्रात पुरुषांमध्ये तोंडाचा आणि स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग अधिक आढळतो. जठराचा त्या मानाने कमी. मग हाच विषय का, असे कोणी विचारील. कारण असे की मावळातून येणारा जठराच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा फार उशिरा येतो, आणि येण्यापूर्वी कित्येक महिने तो 'पित्ता'वर औषध घेत असतो. वेळेवर आलेला आणि उशिरा आलेला, या दोन रुग्णांच्या भवितव्यात जितके अंतर या रोगात पडते, तितके फार थोड्या रोगांत पडत असेल.

पोट आणि जठर

आपल्याकडे 'पोटाचा कॅन्सर' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. यकृत, स्वादुपिंड, मोठे आतडे, स्त्रियांची बीजकोशे, यांपैकी कशाचाही कर्करोग असला तरी घरची मंडळी 'पोटाचा' असेच सांगतात. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे मार्च २०१९ मध्ये निधन झाले ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाने. परंतु तोही लोकांच्या बोलण्यात 'पोटाचा'च झाला होता. हे सगळे रोग निरनिराळे आहेत, त्यांच्या तपासण्या वेगळ्या आणि औषधेही वेगळी. म्हणून केसपेपर काढताना 'आमच्या चुलत्यांनाही हाच होता' असे सांगणाऱ्या नातेवाइकांना आम्ही जुने कागद शोधून आणायला सांगतो. चुलत्यांचा रोग जठराचा होता की आतड्याचा, याला डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्व असते.

जठर म्हणजे अन्ननलिका आणि लहान आतडे यांच्या मधली स्नायूंची पिशवी. ती बरगड्यांच्या खाली, थोडी डावीकडे असते. अन्न घुसळणे, त्यात आम्ल आणि पाचक रस मिसळणे आणि थोडे थोडे करून पुढे सोडणे, हे तिचे काम. तिच्या भिंतीला थर असतात. सर्वांत आतला थर श्लेष्मल आवरणाचा, त्याखाली सैल जाळीदार थर, मग स्नायू आणि सर्वांत बाहेर पातळ वेष्टन. जठराचे बहुसंख्य कर्करोग, शंभरात नव्वदांहून अधिक, आतल्या आवरणातील ग्रंथींच्या पेशींपासून सुरू होतात आणि हळूहळू भिंतीतून बाहेरच्या दिशेने शिरत जातात. रोग कोणत्या थरापर्यंत पोहोचला आहे, शेजारच्या लसिका-गाठींत गेला आहे काय, आणि यकृत किंवा पोटाच्या पडद्यावर पसरला आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून टप्पा ठरतो. टप्प्यावरून उपचार ठरतात, आणि उपचारांवरून आमच्या हिशेबाच्या वहीतील आकडा.

रोग कसा सुरू होतो

फार वर्षे असा समज होता की जठरातील तीव्र आम्लात कोणताही जंतू जगू शकत नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी तो खोटा ठरवला. जठराच्या आवरणात राहणारा मळसूत्राच्या आकाराचा एक जंतू त्यांनी १९८२ साली प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू असलेले द्रावण स्वतःच पिऊन जठराला सूज येते हे सिद्ध केले. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याचा समावेश कर्करोगाच्या निश्चित कारणांत केला.

हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, तोंडावाटे शरीरात शिरतो. दाटीवाटीची वस्ती, अशुद्ध पाणी, हात न धुण्याची सवय, या गोष्टी त्याला पोषक. काही लोकांत तो वर्षानुवर्षे जठराला सौम्य सूज आणत राहतो. मग आवरण झिजते, त्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात, पुढे त्या पेशींची घडण बिघडते आणि शेवटी कर्करोग होतो. कोलंबियात जन्मलेले पेलायो कोरेआ या रोगविज्ञांनी ही पायरीपायरीची वाट मांडली. तिला कित्येक वर्षे, कधी काही दशके लागतात. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी हाती येणाऱ्या रिपोर्टाची सुरुवात पुष्कळदा बालपणात झालेली असते.

येथे एक कोडे आहे, आणि ते आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. भारतात हा जंतू अतिशय पसरलेला आहे. प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांत तो सापडतो. तरीही देशाच्या बहुतेक भागांत जठराचा कर्करोग जपान किंवा कोरियाच्या मानाने कमीच आहे. जंतू असलेल्यांपैकी अगदी थोड्यांनाच हा रोग होतो. तेव्हा जंतू सापडला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी सांगितल्यास सुमारे चौदा दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करावा. अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

देशांतर्गत फरकही मोठा आहे. मिझोराममध्ये, विशेषतः ऐजॉल जिल्ह्यात, जठराच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तेथील धुरावलेले मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूच्या धुराचे पाणी तोंडात धरण्याची चाल यांच्याशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला आहे. चेन्नईतही पुरुषांमध्ये हा रोग मुंबईपेक्षा अधिक आढळतो. हे आपल्याला कळते ते कर्करोग नोंदणीमुळे. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सुरू केली, आणि सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ मध्ये पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. गावोगाव फिरून प्रत्येक रुग्णाची एक एक नोंद करणारे ते लोक. आमच्यासारख्या हिशेबनिसाला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

खाण्यापिण्याविषयी नातेवाईक सर्वांत जास्त विचारतात. फार खारवलेले, धुरावलेले आणि मिठात टिकवलेले पदार्थ नेहमी खाण्याने धोका वाढतो, याचा पुरावा चांगला आहे. सुके बोंबील, सुकट, खारे मासे, मिठाने भरलेली लोणची आणि पापड पावसाळ्यात आपल्या मावळात घरोघर असतात. ती सणावारी किंवा तोंडी लावण्यापुरती खाल्ली तर हरकत नाही. रोजचे कालवण तेच असेल, तर भाजीचा वाटा वाढवावा. ताजी फळे आणि भाज्या उपयोगी आहेत. गेल्या शतकात अनेक देशांत हा रोग कमी होत गेला, त्याचे थोडे श्रेय घरोघरी आलेल्या फ्रीजला दिले जाते. अन्न ताजे ठेवता येऊ लागल्यावर खारवण्याची गरज उरली नाही. तिखटाबद्दल मात्र निर्णायक असे काही सांगता येत नाही. मिसळ खाल्ल्याने कर्करोग झाला, अशी खंत करीत बसलेल्या एका गृहस्थांची आमच्या डॉक्टरांना बराच वेळ समजूत घालावी लागली होती.

धूम्रपानाने जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे. जास्त मद्यपानही त्यात भर घालते. आपल्या भागात बायका दात घासण्याच्या निमित्ताने मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच असते आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तिचा दोष स्पष्ट आहे. बिडी ओढणाऱ्या नवऱ्याला बोल लावून स्वतः दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या माउलींना हे ऐकायला आवडत नाही, तरी सांगावे लागते.

यांखेरीज वाढते वय, पुरुष असणे, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग झालेला असणे, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचा एक विशिष्ट पंडुरोग, फार पूर्वी झालेली जठराची शस्त्रक्रिया, हीही कारणे आहेत. थोड्या कुटुंबांत जनुकातील दोषामुळे हा रोग तरुण वयात होतो. एका घरात दोघांना झाला असेल, तर बाकीच्यांनी डॉक्टरांशी बोलावे.

'पित्त' आणि उशीर

प्रारंभीच्या अवस्थेत या रोगाची लक्षणे एक तर नसतात, नाही तर अगदी साधी असतात. जेवणानंतर जडपणा, ढेकर, जळजळ, मळमळ. यांना आपण सगळेच पित्त म्हणतो आणि बहुतेक वेळा ते पित्तच असते. सोडा, लिंबूपाणी, मग मेडिकलच्या दुकानातून 'रिकाम्यापोटीची गोळी'. या गोळीने आम्ल कमी होते आणि बरे वाटते. अडचण अशी की जठरात कर्करोगाचा व्रण असला तरी गोळीने तो काही काळ वरवर भरून आल्यासारखा होऊ शकतो, दुखणे थांबते, आणि आजार मात्र आत चालू राहतो. गोळी वाईट नाही. ती महिनोन् महिने कोणाला न विचारता घेणे वाईट.

पुढील लक्षणांपैकी एकही असेल, तर गोळीवर थांबू नये. चार घास खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटणे, कारण नसताना वजन उतरणे, अन्नावरची वासना जाणे, वारंवार उलटी, विशेषतः सकाळचे अन्न संध्याकाळी पडणे, गिळताना अडकणे, डांबरासारखी काळी, चिकट शौचास होणे, रक्त कमी होऊन दम लागणे, पोटाच्या वरच्या भागात गाठ लागणे. वय पन्नाशीच्या आसपास असेल आणि अपचनाचा त्रास नव्यानेच सुरू झाला असेल, तर तेवढेही कारण पुरेसे आहे.

नाणे मावळातील एका शेतकऱ्याचे उदाहरण त्यांच्या परवानगीने, नाव न घेता देतो. भाताच्या लावणीच्या दिवसांत त्यांना जेवण जाईनासे झाले. लावणी उरकू दे, म्हणून त्यांनी गोळी घेतली. मग गणपती, मग कापणी, मग दिवाळी. अशक्तपणा वाढला तेव्हा कोणी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळे काळ्या शौचाची शंका कोणालाच आली नाही. ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले, ते स्वतःसाठी नव्हे, नातवाच्या तापासाठी. त्यांचा पांढराफटक चेहरा पाहून डॉक्टरांनी नातवाबरोबर आजोबांचाही केसपेपर काढायला लावला. पुढील आठवड्यात दुर्बिणीची तपासणी झाली. रोग जठराच्या मध्यभागी होता आणि सुदैवाने बाहेर पसरलेला नव्हता. त्यांच्याविषयी पुढे आणखी सांगू.

निदान

निदानाचा मुख्य मार्ग म्हणजे दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी. सुमारे सहा तास उपाशी राहावे लागते. घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि बोटाएवढी जाड, लवचीक नळी तोंडावाटे जठरात सोडतात. पाच-दहा मिनिटांचे काम असते. त्रास होतो तो ओकारीचा. श्वास अडकत नाही, कारण नळी श्वासनलिकेत जात नाही. व्रण किंवा शंकास्पद जागा दिसली की तिचे सहा ते आठ बारीक तुकडे काढून रोगविज्ञांकडे पाठवतात. इतके तुकडे का, असे नातेवाईक विचारतात. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका वरच्या मृत भागाचा निघाला, तर रोग असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो, हे त्याचे उत्तर.

तुकडा काढला की रोग पसरतो, अशी समजूत मावळात घट्ट रुजलेली आहे. ती चुकीची आहे. तुकडा काढल्यावर रोग असल्याचे कळते आणि त्यानंतर काही महिन्यांनी रुग्ण दगावतो. घरच्यांच्या मनात या दोन घटनांचा संबंध जुळतो. हा संबंध उशिराचा आहे, तुकड्याचा नाही.

दुसरा गैरसमज सोनोग्राफीविषयीचा. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग पोटात काही नाही' असे समाधान करून घेतले जाते. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे चांगली दिसतात. जठरासारख्या हवा भरलेल्या पोकळ अवयवाचे आतले आवरण दिसत नाही. रक्ताच्या 'कॅन्सर मार्कर'वरूनही जठराचा कर्करोग आहे किंवा नाही हे ठरवता येत नाही.

रोग सिद्ध झाल्यावर छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन करतात. काही रुग्णांत शस्त्रक्रियेपूर्वी पोटात छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून पडद्यावर बारीक दाणे नाहीत ना, हे पाहतात, कारण ते स्कॅनमध्ये दिसतीलच असे नाही. या रोगाचा एक प्रकार फार फसवा असतो: गाठ न होता तो जठराच्या भिंतीत शाई झिरपावी तसा पसरतो, आणि आतून पाहताना आवरण जवळजवळ सुरळीत दिसते. हा प्रकार तुलनेने तरुण वयात आणि स्त्रियांतही दिसतो. 'वय कमी आहे, कॅन्सर कसा असेल' हे म्हणणे म्हणूनच धोक्याचे.

जपानात हा रोग अतिशय असल्याने तेथे लाखो निरोगी लोकांची नियमित तपासणी केली जाते आणि त्यामुळे पुष्कळ रुग्ण अगदी प्रारंभीच सापडतात. रोग सर्वांत आतल्या थरांपुरता असताना सापडला, तर तेथील शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. आपल्याकडे प्रमाण कमी असल्याने सर्वांची सरसकट एंडोस्कोपी करणे योग्य ठरणार नाही, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे. आणि खर्चाच्या बाजूने आम्हीही त्याला दुजोरा देतो. लक्षणे असलेल्याला मात्र ती लवकर मिळाली पाहिजे.

उपचार

जठराचा कर्करोग बरा करायचा, तर तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी कर्करोगाने ग्रस्त जठराचा भाग यशस्वीपणे काढून दाखवला. ती रुग्ण स्त्री काही महिनेच जगली, पण जठर कापून पुन्हा आतड्याला जोडता येते हे जगाला कळले. आज रोग अगदी वरवरचा असेल, तर तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतूनच तेवढे आवरण सोलून काढता येते. बहुतेकांच्या बाबतीत जठराचा खालचा मोठा भाग, किंवा रोग वर असल्यास संपूर्ण जठर, आसपासच्या लसिका-गाठींसह काढावे लागते. गाठी काढण्याचे काम कौशल्याचे आहे. किमान सोळा गाठी तपासल्या गेल्या, तरच टप्पा विश्वासाने ठरवता येतो. म्हणून अशा शस्त्रक्रिया नेहमी होतात अशाच ठिकाणी ती करून घ्यावी.

केवळ शस्त्रक्रियेने पुष्कळ रुग्णांत रोग उलटतो. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमोथेरपी दिलेल्या रुग्णांपैकी ३६ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते; नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. जर्मनीतील २०१९ च्या अभ्यासात चार औषधांच्या नव्या मिश्रणाने यात आणखी सुधारणा झाली. हे मिश्रण दर दोन आठवड्यांनी, चार वेळा आधी आणि चार वेळा नंतर देतात. 'गाठ तर आत आहे, मग लगेच कापत का नाहीत?' असा प्रश्न नातेवाईक रागाने विचारतात. आधी केमो देणे म्हणजे चालढकल नव्हे. डोळ्यांना न दिसणारा रोग आधी गाठावा, असा त्यात हेतू असतो. किरणोपचार, म्हणजे ज्याला रुग्ण 'लाईट देणे' म्हणतात, ते या रोगात निवडक रुग्णांनाच लागतात.

रोग पसरलेला असेल तर तो समूळ जात नाही. केमोने आयुष्य वाढते आणि त्रास कमी होतो. तुकड्याची आणखी एक चाचणी करून एचईआर-टू नावाचे प्रथिन जास्त सापडल्यास त्यावरचे खास औषध केमोबरोबर देता येते. २०१० पासून ते वापरात आहे. त्यानंतर रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधेही आली. ती महाग आहेत आणि सर्वांना लागू पडत नाहीत. शेजारच्या गावात कोणाला ते इंजेक्शन दिले म्हणून आपल्यालाही द्या, असा आग्रह धरू नये. आधी चाचणी, मग औषध. आणि औषधासाठी जमीन विकण्यापूर्वी त्याचा अपेक्षित उपयोग किती महिन्यांचा आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावे. तो विचारण्याचा कुटुंबाला अधिकार आहे.

वर उल्लेख केलेल्या शेतकऱ्यांचे संपूर्ण जठर पुण्यात काढण्यात आले. जठराशिवाय माणूस जगतो, यावर त्यांच्या घरच्यांचा आधी विश्वास बसला नाही. जगतो, पण जेवणाची रीत बदलावी लागते. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून सहा-आठ वेळा थोडे थोडे, चावून चावून खावे लागते. जेवताना फार पाणी पिऊ नये. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरले की घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. लोणावळ्याची चिक्की आणि उसाचा रस त्यांना जपूनच घ्यावा लागतो. मऊ इंद्रायणी भात, मुगाचे वरण, अंडे, नाचणीची पेज, ताकातले पदार्थ चालतात. ब-१२ जीवनसत्त्व जठराच्या मदतीशिवाय शोषले जात नाही, म्हणून त्याचे इंजेक्शन आयुष्यभर घ्यावे लागते. ते अगदी स्वस्त आहे, पण चुकवून चालत नाही. दोन-तीन वर्षांनी रक्त कमी होते आणि हातापायांच्या नसा बधिर होतात. आमचे शेतकरी ते घेण्यासाठी कामशेतहून लोकलने येतात. शस्त्रक्रियेला दोन वर्षे पूर्ण होऊन गेली आहेत. लावणी आता मुलगा करतो, आणि बांधावर बसून ते चुका काढतात, असे सूनबाईंनी सांगितले.

सर्वांच्या बाबतीत असे घडत नाही. चाळिशीतील एका बाईंना आम्ही या वर्षात गमावले. रोग वर सांगितलेल्या फसव्या प्रकारचा होता, आणि पोटात पाणी झाल्यावरच त्या आल्या. त्यांच्या मुलाने दोन प्रश्न विचारले: आईला सांगायचे का, आणि आता कुठे न्यायचे? पहिल्याचे उत्तर प्रत्येक घराला वेगळे शोधावे लागते. आमचा अनुभव एवढाच की रुग्णाला बहुधा कळलेले असते, आणि सगळे घर खोटे बोलत असताना तो एकटा पडतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येण्याजोगे होते. पुण्यात वारजे येथे सिप्ला संस्थेचे वेदनाशामक उपचार केंद्र १९९७ पासून कार्यरत आहे. तेथे रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला विनामूल्य सेवा मिळते. तीव्र वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या असतात. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून त्या मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या घेतल्याने रुग्ण व्यसनी होत नाही. शेवटचे तीन आठवडे त्या बाई वेदनेने विव्हळल्या नाहीत, असे मुलाने येऊन सांगितले, आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या दानपेटीत काही टाकून गेला. किती, ते आम्ही मोजताना वेगळे काढले नाही.

कोठे जावे, खर्च कसा भागवावा

आमच्याकडे निदान होते, उपचारांचा मोठा भाग होत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. आंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळातल्या माणसाला पुणे हेच जवळचे. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ पासून केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याचीच खारघर येथील शाखा लोणावळ्याहून द्रुतगती मार्गाने अधिक सोयीची पडते. परळला जाणाऱ्यांनी सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने दादरला उतरावे. मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा कर्करुग्णांना फार मोठा आधार आहे. जागा नेहमीच मिळेल असे नाही, म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी चौकशी करावी.

खर्चाबाबत पहिला विचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा करावा. ही योजना २०१२ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. शस्त्रक्रिया आणि केमो हे तिच्यात येतात. मात्र योजनेत असलेल्या रुग्णालयातच, आणि उपचारांपूर्वी मंजुरी घेऊन. पैसे भरून उपचार झाल्यावर परतावा मिळत नाही. येथेच बहुतेक कुटुंबे फसतात: घाईने खासगी रुग्णालयात भरती होतात, पैसे संपले की योजनेची आठवण होते. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मुलामुलींच्या आई-वडिलांना कामगार राज्य विम्याचा लाभ असू शकतो. ते कार्ड अनेकदा घरात पडून असते.

दुसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. आमच्या ताळेबंदात हा निधी स्वतंत्र शीर्षाखाली दाखवलेला आहे. देणगीदारांनी तो अवश्य पाहावा. त्यातून एंडोस्कोपी, तुकड्याची तपासणी आणि रक्त यांचा खर्च भागतो. सीटी स्कॅन बाहेर करावा लागतो आणि त्याला तो निधी पुरत नाही. तेथे आम्हाला ज्यांच्या देणग्या उपयोगी पडल्या, त्यांची नावे पुढील पानांवर आहेत.

उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, तेव्हा ऐकीव माहितीवर आपण अपात्र आहोत असे ठरवू नये. शिधापत्रिका, आधार कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आजवरचे सर्व रिपोर्ट एका पिशवीत घालून आणावेत. वडगाव येथील तहसील कार्यालयातून दाखला मिळायला काही दिवस लागतात. तो अर्ज दुर्बिणीच्या तपासणीच्या दिवशीच करून टाकावा, रिपोर्ट येण्याची वाट पाहू नये. रिपोर्ट चांगला आला तर दाखला शाळेच्या शुल्कासाठी कामी येतो. तुकड्याचा मूळ रिपोर्ट, काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा रोगविज्ञांकडून मागून घ्यावा. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासतात, आणि ते जवळ असले म्हणजे दुसऱ्यांदा दुर्बीण करावी लागण्याचा प्रसंग पुष्कळदा टळतो. कार्यालयात सकाळी दहा ते एक या वेळात या कागदांची छाननी करून देणारा आमचा एक कर्मचारी बसतो. त्यासाठी शुल्क नाही, आणि रुग्ण आमच्या रुग्णालयातला असण्याचीही अट नाही.